ड्रॉच्या कागदावरची खाडाखोड

११ ऑगस्ट २०१३. चीनमधल्या ग्वांगझू शहरात जागतिक बॅडमिंटन स्पर्धेच्या पुरुष एकेरीची अंतिम लढत सुरू होती. नेटच्या एका बाजूला मलेशियाचा ली चाँग वेई, तेव्हाचा जगातला अव्वल क्रमांकाचा खेळाडू. दुसऱ्या बाजूला चीनचा लिन डॅन. क्रमवारीच्या हिशेबाने लिन डॅन त्या कोर्टवर असायलाच नको होता. आदल्या वर्षी लंडन ऑलिंपिकचे सुवर्ण जिंकल्यानंतर तो वर्षभर स्पर्धांपासून बहुतांशी दूरच होता. बॅडमिंटनमध्ये क्रमवारीचे गुण ५२ आठवडे टिकतात, मग गळून पडतात. खेळला नाही, गुण गळाले, क्रमांक घसरला आणि जागतिक स्पर्धेचे दार बंद झाले. जागतिक महासंघाने ते वाइल्ड कार्ड देऊन उघडले.

मानांकन नसलेल्या या माजी विजेत्याने उपांत्यपूर्व फेरीत आपल्याच देशाच्या चेन लाँगला सरळ दोन गेममध्ये गारद केले आणि उपांत्य फेरीत व्हिएतनामच्या तिएन मिन्हचा अडसर दूर केला. अंतिम फेरीत पहिला गेम ली चाँग वेईने २१-१६ असा घेतला, दुसरा लिन डॅनने २१-१३ असा फिरवला. तिसऱ्यात लिन डॅन २०-१७ पुढे. विजेतेपदाला एक गुण हवा, आणि तेवढ्यात ली चाँग वेईच्या पायात गोळे आले. त्याला उभे राहवेना. शेवटचा गुण खेळलाच गेला नाही. उपविजेत्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले आणि लिन डॅनच्या नावावर पाचवे विश्वविजेतेपद लागले.

आमंत्रणावर आलेला विजेता आणि सामना सोडून गेलेला उपविजेता. बॅडमिंटनच्या नियमपुस्तकातली दोन दुर्लक्षित कलमे एकाच सामन्यात अशी समोरासमोर आल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी वाचनात नाही. आपण स्मॅश आणि ड्रॉपची चर्चा करतो. पण मोठ्या स्पर्धांच्या निकालपत्रकांवर बारकाईने नजर टाकली, तर कितीतरी पदकांच्या मागे कोणाचे तरी न येणे, मध्येच थांबणे किंवा अचानक बोलावले जाणे दिसते.

हे समजायला आधी नावे ड्रॉमध्ये येतात कशी ते पाहावे लागते. खेळाडू स्वतः अर्ज भरत नाही; त्याची प्रवेशिका त्याच्या देशाची संघटना पाठवते. भारतात हे काम भारतीय बॅडमिंटन संघटनेचे. प्रवेशाची मुदत स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी संपते आणि मग क्रमवारी बोलते. ही क्रमवारी दर मंगळवारी जाहीर होते, आणि गेल्या ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण तिच्यात धरले जातात. २०१८ मध्ये जुनी सुपर सीरिज जाऊन वर्ल्ड टूर आली. तेव्हापासून सुपर १००० आणि सुपर ७५० या सर्वांत वरच्या दर्जाच्या स्पर्धांत एकेरीला ३२ जागा असतात आणि पात्रता फेरी नसते. खालच्या दर्जाच्या स्पर्धांत चार जागा पात्रता फेरीतून येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या असतात. तेहतिसाव्या क्रमांकाच्या प्रवेशिकेपासून राखीव यादी सुरू होते.

ही राखीव यादी म्हणजे या खेळातला सर्वांत बेचैन कागद. ड्रॉ निघण्याआधी वरच्या कोणी माघार घेतली, तर यादी एक पायरी वर सरकते, प्रसंगी मानांकनेही बदलतात. ड्रॉ निघाल्यानंतर माघार आली, तर सहसा ड्रॉ पुन्हा काढत नाहीत. राखीव यादीतला पहिला खेळाडू थेट त्या रिकाम्या चौकटीत बसवतात. म्हणजे पहिल्या मानांकित खेळाडूची चौकट एखाद्या चाळिसाव्या क्रमांकाच्या खेळाडूला मिळू शकते आणि ड्रॉचा तो अख्खा पाव भाग उघडा पडतो. कालपर्यंत ज्यांना दुसऱ्या फेरीत जगज्जेत्याशी गाठ पडणार म्हणून घाम फुटला होता, त्यांना एकदम उपांत्य फेरीची स्वप्ने पडू लागतात. राखीव खेळाडूचे हाल मात्र वेगळेच. तिकीट काढावे की नाही, व्हिसा मागावा की नाही, हॉटेलचे पैसे भरावेत की नाही, याचा निर्णय दुसऱ्याच्या गुडघ्यावर अवलंबून असतो. मोठ्या देशांच्या संघटना हा खर्च उचलतात. स्वतःच्या खिशातून फिरणाऱ्याला तो जुगार खेळावा लागतो.

खेळ सुरू झाला की बदली थांबते. मग जो येत नाही त्याच्या प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल. सामना सुरू होऊन मध्येच थांबला, तर तिथवरचे गुण जसेच्या तसे नोंदले जातात आणि पुढे ‘निवृत्त’ असा शेरा पडतो. दुहेरीत एकाचा घोटा मुरगळला की दोघेही बाहेर. उरलेला कितीही ठणठणीत असला तरी त्याला नवा जोडीदार मिळत नाही. चिराग शेट्टी या मुंबईकराने हे चांगलेच सोसले आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये बालीला वर्ल्ड टूर फायनल्समध्ये सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा गुडघा दुखावला आणि या जोडीला पहिल्या सामन्यानंतर माघार घ्यावी लागली. चिरागला काहीही झालेले नव्हते.

आता आमंत्रणाबद्दल. टेनिसमध्ये यजमान संयोजक आपल्या मर्जीतल्या चार-सहा खेळाडूंना मुख्य फेरीत बसवतात आणि ते तिथे रूढच आहे. बॅडमिंटनचा हात त्या मानाने आखडता. इथे आमंत्रण मिळते ते बहुधा कर्तृत्वाच्या किंवा तत्त्वाच्या जोरावर. कर्तृत्वाचे उदाहरण पी. व्ही. सिंधूचे. वर्षअखेरीच्या वर्ल्ड टूर फायनल्समध्ये हंगामातले पहिले आठच खेळतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बासेलला सिंधूने जपानच्या नोझोमी ओकुहाराला २१-७, २१-७ असे धुऊन काढत विश्वविजेतेपद मिळवले. पण उरलेला हंगाम तिला इतका जड गेला, की फायनल्सच्या शर्यतीत ती पंधराव्या स्थानावर राहिली. तरीही ती ग्वांगझूला खेळली, कारण विश्वविजेत्याला तिथे थेट जागा असते. गटातले पहिले दोन सामने ती हरली, तिसरा जिंकली आणि परत आली. आदल्या वर्षी याच स्पर्धेचे विजेतेपद तिने आठातली एक म्हणून मिळवले होते. नियमाने दार उघडून देता येते, त्या आठवड्याचा खेळ देता येत नाही. लिन डॅनने मात्र २०१३ मध्ये दोन्ही आणले होते.

तत्त्वाचे आमंत्रण ऑलिंपिकमध्ये दिसते. तिथे एकेरीत एका देशाचे जास्तीत जास्त दोन खेळाडू, तेही दोघे पहिल्या सोळांत असतील तरच. चीन, जपान, डेन्मार्क, इंडोनेशिया यांच्या रांगा अशा तोडल्या की खालच्या क्रमांकांना जागा होते. शिवाय ज्या देशांत हा खेळ अजून रुजायचा आहे, त्यांच्यासाठी काही जागा राखलेल्या असतात. टोकियोमध्ये निर्वासितांच्या ऑलिंपिक संघातून अराम महमूद खेळला. मूळचा सीरियाचा, राहायला नेदरलँड्समध्ये. पॅरिसमध्ये त्याच संघातून दोर्सा यावारीवाफा ही मूळची इराणची आणि इंग्लंडमध्ये राहणारी खेळाडू उतरली. देशाची संघटनाच पाठीशी नसलेल्यांना क्रमवारीच्या नेहमीच्या वाटेने इथवर येणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

आता या विषयातल्या सर्वांत चमत्कारिक नियमाकडे वळू. बाद फेरीत कोणी सामना सोडला तर प्रश्न सोपा असतो: समोरचा पुढे जातो. पण गटसाखळीत प्रत्येकाचा प्रत्येकाशी सामना असतो. तिथे एखादा खेळाडू एक सामना खेळून दुखापतीने घरी गेला तर? ज्याने त्याला खरोखर हरवले त्याने घाम गाळलेला, आणि बाकीच्यांना तोच विजय बसल्या जागी मिळणार. गटात बरोबरी झाली तर गेम आणि गुणांचे फरक मोजले जातात. तिथे हे फुकटचे विजय कसे मोजायचे? बॅडमिंटनने यावर घातलेला उपाय निर्दय आहे आणि न्याय्यही. त्या खेळाडूचे सगळे सामने, झालेले आणि व्हायचे, गटातून पुसून टाकायचे.

२७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये लक्ष्य सेनने ग्वातेमालाच्या केव्हिन कॉर्डनविरुद्ध सलामी दिली. कॉर्डन म्हणजे टोकियोमध्ये उपांत्य फेरी गाठून सगळ्यांना चकित करणारा डावखुरा. पहिला गेम लक्ष्यने २१-८ असा सहज घेतला. दुसऱ्यात कॉर्डन २०-१६ पुढे गेला. तिथून लक्ष्यने सलग सहा गुण घेतले आणि २२-२० असा सामना संपवला. मानेवर सुरी असताना ओळीने सहा गुण, तेही ऑलिंपिकच्या पहिल्याच सामन्यात. कौतुकाचे मथळे आले. दुसऱ्या दिवशी कॉर्डनने डाव्या कोपराच्या दुखापतीमुळे माघार घेतली आणि हा सामना झालाच नाही असे ठरले. कॉर्डनचे बेल्जियमच्या जुलियन करागी आणि इंडोनेशियाच्या जोनाटन ख्रिस्ती यांच्याशी व्हायचे सामने रद्द झाले. त्या गटात तिघांशी खेळलेला लक्ष्य एकटाच, पण मोजले दोनच.

त्याने पुढे करागीला आणि मग ख्रिस्तीला हरवून गट जिंकला, त्यामुळे प्रकरण कडवट झाले नाही. पण कल्पना करा, तो ख्रिस्तीकडून हरला असता तर? एक विजय हिशेबातून गायब, अंगात मात्र तीन सामन्यांचा थकवा. ज्यांना हा नियम अन्यायाचा वाटतो त्यांची मला सहानुभूती आहे. तरी याहून बरा पर्याय मला सुचत नाही. पुढच्या फेरीत लक्ष्यची गाठ एच. एस. प्रणॉयशी पडली. दोघेही पहिल्या सोळांत होते म्हणूनच भारताला दोन जागा मिळाल्या होत्या, आणि त्या दोघांनाच एकमेकांना बाहेर काढावे लागले.

त्याच सप्ताहात हाच नियम सात्विक-चिरागच्या वाट्याला उलट्या बाजूने आला. त्यांच्या गटातल्या जर्मन जोडीतला मार्क लाम्सफुस गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर पडला. जोडी गेली, तिचे सामने गेले. इंडोनेशियाच्या फजर अल्फियान आणि रियान अर्दियान्तो यांनी जर्मनांवर मिळवलेला विजयही गेला. उरल्या तीनच जोड्या. सात्विक-चिरागने आधी यजमान फ्रान्सच्या जोडीला हरवले होते. मग इंडोनेशियाच्या जोडीनेही फ्रेंचांना हरवले, आणि भारताची जोडी त्या दिवशी कोर्टवर न उतरताच उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली. ऑलिंपिकमध्ये तिथवर गेलेली ती पहिली भारतीय दुहेरी जोडी. टोकियोमध्ये याच दोघांनी गटातले तीनपैकी दोन सामने जिंकले होते, पुढे सुवर्ण मिळवणाऱ्या तैवानच्या जोडीलाही हरवले होते, तरी गेमच्या हिशेबात ते बाहेर पडले होते. तेव्हा गटातल्या चारही जोड्या धडधाकट होत्या, हेच त्यांचे दुर्दैव म्हणायचे.

बालीची २०२१ ची वर्ल्ड टूर फायनल्स तर याहून विचित्र. वीस वर्षांचा लक्ष्य तिथे पहिल्यांदाच आला होता. गटात डेन्मार्कचे व्हिक्टर अॅक्सेलसन आणि रास्मुस गेमके, आणि जपानचा केंटो मोमोटा. पहिल्याच दिवशी मोमोटाची पाठ धरली. लक्ष्यविरुद्ध गुणफलक १-१ दाखवत असताना त्याने सामना सोडला. गेमकेही अॅक्सेलसनसमोर दुखापतीने थांबला. चौघांच्या गटात दोनच उरले, आणि पुढे जाणारही दोनच. मग त्या दोघांनी आपसांत जो सामना खेळला तो फक्त पहिला कोण हे ठरवण्यासाठी.

या सगळ्या माघारी शरीराने लादलेल्या. २०१२ मध्ये लंडनच्या वेम्बली अरेनात जे झाले ते डोक्याने केलेले होते. त्या ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनला पहिल्यांदाच गटसाखळी आणली होती, म्हणजे हरूनही पुढे जाता येत होते. महिला दुहेरीत चीनची तिआन चिंग आणि झाओ युनलेई ही जोडी डेन्मार्ककडून अनपेक्षितपणे हरली आणि गटात दुसरी आली. त्यामुळे दुसऱ्या गटातल्या वांग शाओली आणि यू यांग यांनी आपला गट जिंकला असता, तर अंतिम फेरीआधीच दोन चिनी जोड्या समोरासमोर आल्या असत्या. ३१ जुलैच्या संध्याकाळी वांग आणि यू कोरियाच्या जोडीविरुद्ध उतरल्या त्या हरण्यासाठी. कोरियन जोडीलाही जिंकायचे नव्हते. सर्व्हिस मुद्दाम नेटमध्ये, परतावे रेषेबाहेर. सगळ्यात लांब रॅली चार फटक्यांची. प्रेक्षक हुर्यो करू लागले. सामनाधिकारी थॉर्स्टन बेर्ग स्वतः कोर्टवर आले, ताकीद दिली. नंतरच्या दुसऱ्या सामन्यात कोरियाची दुसरी जोडी आणि इंडोनेशियाची जोडी यांनी हाच तमाशा केला. तिथे तर अपात्रतेचे काळे कार्ड दाखवले गेले आणि मग मागेही घेतले. दुसऱ्या दिवशी चारही जोड्या अपात्र ठरल्या.

आता रिकाम्या चार जागांचे काय? त्या दोन्ही गटांत उरलेल्या दोन-दोन जोड्यांना बढती मिळाली: रशिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. कॅनडाच्या अॅलेक्स ब्रूस आणि मिशेल ली गटातले तिन्ही सामने हरल्या होत्या. ज्यांचा ऑलिंपिक संपला होता त्या उपांत्यपूर्व फेरीत आल्या, तिथे ऑस्ट्रेलियाला तीन गेममध्ये हरवले आणि कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोहोचल्या. ते कांस्य रशियाच्या वालेरिया सोरोकिना आणि निना विस्लोवा यांनी मिळवले. त्या आपल्या गटात तिसऱ्या आल्या होत्या. सुवर्ण तिआन आणि झाओ यांनी नेले, म्हणजे जिच्यापासून लपण्यासाठी एवढा खटाटोप झाला तीच जोडी जिंकली.

भारताला हे प्रकरण वेगळ्या कारणाने बोचले. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा दुसऱ्याच गटात होत्या. तिथे तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले आणि गुणांच्या फरकात, फक्त एका गुणाने, भारताची जोडी मागे पडली. जपानची जोडी तैवानकडून ज्या तऱ्हेने हरली त्यावर भारताने आक्षेप घेतला, तो फेटाळला गेला. त्यामुळे एकही सामना न जिंकलेल्या जोड्या पुढे गेल्या आणि दोन जिंकलेली जोडी घरी आली. यातून महासंघ एक शिकला. रिओ ऑलिंपिकमध्ये दुहेरीत गटसाखळी संपल्यावर दुसऱ्या क्रमांकाच्या जोड्यांसाठी पुन्हा ड्रॉ काढला गेला, म्हणजे हरून कोणाला टाळता येईल याचा आधी अंदाजच बांधता येऊ नये.

खरे तर ही सवय वेम्बलीत जन्मली नव्हती. सुपर सीरिजच्या काळात दोन चिनी खेळाडू समोरासमोर आले, की सामना होईल की पुढे चाल मिळेल, याची प्रेक्षकांना खात्री नसे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये महिला एकेरीच्या उपांत्य सामन्यात झोऊ मीला झांग निंगकडून हरायला सांगितले होते, हे चीनचे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो यांनी २००८ मध्ये उघडपणे कबूल केले. झांग निंगने तेव्हा सुवर्ण जिंकले होते. देशाच्या नजरेतून पाहिले तर डाव साधला. झोऊ मीच्या नजरेतून कोणी पाहिले नाही.

वेम्बलीच्या त्याच कोर्टांवर, त्याच आठवड्यात, ४ ऑगस्ट २०१२ रोजी सायना नेहवाल कांस्यपदकासाठी चीनच्या वांग शिनविरुद्ध खेळत होती. पहिला गेम संपता संपता वांग शिनचा गुडघा वळला. उपचार घेऊन तिने तो गेम २१-१८ असा जिंकला, दुसऱ्यात एक गुणही घेतला, आणि मग तिला पुढे खेळता येईना. २१-१८, १-० अशी आघाडी असताना तिने सामना सोडला आणि भारताला बॅडमिंटनमधले पहिले ऑलिंपिक पदक मिळाले. यावरून सायनाच्या पदकाला कमी लेखणारे तेव्हाही भेटले, अजूनही भेटतात. उपांत्य फेरीपर्यंत ती जिंकतच आली होती हे ते विसरतात. शिवाय समोरच्याला शेवटपर्यंत पायांवर उभे राहता न येणे, हाही या खेळातला एक निकालच आहे.

बरोबर बारा वर्षांनी, पुन्हा ४ ऑगस्टलाच, पॅरिसमध्ये स्पेनची कॅरोलिना मरिन उपांत्य सामन्यात चीनच्या हे बिंगजियाओविरुद्ध २१-१४ आणि दुसऱ्या गेममध्येही पुढे होती. एका उडीनंतर तिचा उजवा गुडघा दुमडला. हा तोच गुडघा, जो २०१९ च्या जानेवारीत जकार्ताला इंडोनेशिया मास्टर्सच्या अंतिम फेरीत, सायनाविरुद्ध १०-४ अशी आघाडी असताना गेला होता. २०२१ मध्ये डाव्या गुडघ्याने तिला टोकियोपासून दूर ठेवले होते. पॅरिसमध्ये ती गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा उभी राहिली, दोन गुण खेळून पाहिले आणि १०-८ वर थांबली. हे बिंगजियाओ अंतिम फेरीत हरली आणि पदक घ्यायला आली तेव्हा तिच्या हातात स्पेनचा छोटा बिल्ला होता. त्या बिल्ल्याचा फोटो जगभर फिरला. ज्याची चर्चा कमी झाली ते असे, की कांस्यपदकाचा सामना झालाच नाही. मरिन खेळू शकत नव्हती, म्हणून इंडोनेशियाच्या ग्रेगोरिया मारिस्का तुनजुंगला शटलला हातही न लावता ऑलिंपिक पदक मिळाले.

कोविडने या सगळ्या नियमांची जणू परीक्षाच घेतली. १२ जानेवारी २०२१ रोजी बँकॉकमध्ये सायना आणि प्रणॉय यांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या, दोघांनाही स्पर्धेबाहेर काढले गेले आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना पुढे चाल मिळाली. पुन्हा तपासण्या झाल्यावर कळले, की हा जुन्या संसर्गाचा अवशेष. मग दिलेली पुढे चाल परत घेतली गेली आणि सामने दुसऱ्या दिवशी खेळवले गेले. आठवड्यातून एकदा क्रमवारी बदलणाऱ्या या खेळात एका दिवसात निकाल उलटे फिरले. दोनच महिन्यांनी ऑल इंग्लंडमध्ये मात्र कोणी मागे वळून पाहिले नाही. इस्तंबूलहून बर्मिंगहॅमला आलेल्या विमानात एक बाधित प्रवासी निघाला, आणि त्याच विमानातून आलेल्या इंडोनेशियाच्या संपूर्ण संघाला ब्रिटिश आरोग्य यंत्रणेने दहा दिवस विलगीकरणात जायला सांगितले. तोवर स्पर्धा सुरू झालेली, त्यांच्यापैकी काहींनी पहिली फेरी जिंकलेली. जिंकलेल्यांनाही उचलून बाजूला केले. त्याच विमानात असलेली तुर्कस्तानची नेस्लिहान यिगित नंतर बाहेर पडली. महासंघाला पुढे इंडोनेशियाची माफी मागावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्पेनमधल्या उएल्वा इथल्या जागतिक स्पर्धेतून इंडोनेशियाने स्वतःहून सगळा संघ काढून घेतला. त्या विरळ झालेल्या मैदानात सिंगापूरचा बिगरमानांकित लो कीन यू विजेता झाला आणि अंतिम फेरीत त्याच्यासमोर किदंबी श्रीकांत होता. उपांत्य फेरीत श्रीकांतने लक्ष्यला हरवले होते. एकाच जागतिक स्पर्धेत पुरुष एकेरीची दोन पदके भारताला मिळाली ती तेव्हा.

नंतरच्या महिन्यात दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये श्रीकांत आणि अश्विनी पोनप्पासह सात भारतीय खेळाडू एका दिवसात बाहेर गेले. १३ जानेवारी २०२२ ची ती सकाळ चाचण्यांच्या बातम्यांनीच भरली होती. त्या धामधुमीत नागपूरची वीस वर्षांची मालविका बन्सोड शांतपणे कोर्टवर उतरली आणि तिने सायनाला २१-१७, २१-९ असे हरवले. तिला पुढे चाल मिळाली नव्हती हे मुद्दाम सांगायला हवे, कारण त्या आठवड्यातला प्रत्येक विजय लोक संशयाने पाहत होते.

आता माघारीला किंमतही लावली गेली आहे. वर्ल्ड टूर सुरू करताना महासंघाने एकेरीतले पहिले पंधरा खेळाडू आणि दुहेरीतल्या पहिल्या दहा जोड्यांना वर्षात किमान बारा स्पर्धा सक्तीच्या केल्या. प्रायोजकांना आणि दूरचित्रवाणीला मोठी नावे हवीत, हे उघड कारण. सायना आणि मरिन या दोघींनी तेव्हाच या वेळापत्रकावर टीका केली होती. मरिनच्या गुडघ्यांचा पुढचा इतिहास पाहिला तर ती टीका आज वेगळी वाचली जाते. योग्य कारणाविना गैरहजर राहिले तर दंड होतो. २०२६ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या अँडर्स अँटनसनने दिल्लीच्या प्रदूषित हवेत खेळणार नाही असे सांगून इंडिया ओपनमधून सलग तिसऱ्या वर्षी माघार घेतली आणि त्याला ५,००० डॉलरचा दंड झाला. दंड भरला, पण आला नाही. जगातल्या पहिल्या पाचांतल्या खेळाडूला ५,००० डॉलर परवडतात. क्रमवारीत पंधराव्या जागेवर धडपडणाऱ्याला तेच पैसे एखाद्या हंगामाच्या विमानभाड्याइतके जड जातात.

यजमान म्हणून भारताला अशा माघारी नव्या नाहीत. २००९ मध्ये हैदराबादला जागतिक स्पर्धा सुरू व्हायच्या तोंडावर दहशतवादी हल्ल्याच्या धमकीच्या बातम्या आल्या आणि इंग्लंडचा अख्खा संघ परत गेला. स्पर्धा ठरल्याप्रमाणे पार पडली. त्यानंतर जागतिक स्पर्धेचे यजमानपद भारताला पुन्हा मिळाले ते थेट २०२६ साठी, दिल्लीत, ऑगस्ट महिन्यात. ऑगस्टमध्ये पावसाने दिल्लीची हवा बरीच धुतलेली असते. निदान त्या कारणाने माघार घेणाऱ्याला दुसरे काहीतरी शोधावे लागेल.